सरकारनंच बंदुका दिलेल्या टोळ्या सरकारवर का उलटतात? (विषय: सुदान)

शेवंता

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. यंदा अंतर्गत युद्धांवरच्या तासाला सुदानचं उदाहरण घेतलं. मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, सुदानचं सैन्य ज्या आरएसएफशी (रॅपिड सपोर्ट फोर्सेस या निमलष्करी दलाशी) लढतंय ती आरएसएफ त्यांच्याच सरकारनं उभी केली ना? हाताशी सैन्य असताना केली कशाला? आणि केली ती केली, वेळेवर बंद का नाही केली?"

मी पुस्तकी उत्तर दिलं. दुर्बळ राज्यसंस्था, बळावरची मक्तेदारी वगैरे. मुलगा "बरं" म्हणून खाली बसला, पण ते 'बरं' कसलं होतं ते शिकवणाऱ्यांना कळेल. इथे आफ्रिकेत राहून आलेली मंडळी आहेत असं दिसतं. कुणी जरा माणसांच्या भाषेत सांगेल का? पुढच्या गुरुवारी तास आहे.

दीडशहाणा

त्यात काय अवघड? फुकटात फौज मिळते. पगार नाही, पेन्शन नाही, आणि जगानं विचारलं तर "ते आमचे नव्हेतच" म्हणून हात वर करता येतात. पुढचा प्रश्न घ्या.

कृष्णाकाठ

दीडशहाणे, निम्मं बरोबर. फुकटात नाही, उधारीवर. मॅडमच्या विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न त्या उधारीचाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.

मी साखर कारखान्यातला माणूस. निम्मी नोकरी वाळवा तालुक्यात झाली, उरलेली सुदानात, पांढऱ्या नाईलच्या काठाला, कोस्ती-रबकच्या बाजूला. आमच्या सांगली भागातली बरीच माणसं तिकडच्या साखर धंद्यात होती. 2023 च्या एप्रिलात लढाई पेटली तेव्हा ती अडकली आणि ऑपरेशन कावेरीतून, आधी बसनं पोर्ट सुदान, मग जेद्दा, मग मुंबई अशी घरी आली. मी त्याआधीच निवृत्त होऊन परतलो होतो. त्यामुळं गोळीबार मी पाहिलेला नाही, हे आधीच सांगतो. पण तोडणीच्या हंगामाला आमच्याकडं पश्चिमेकडून, म्हणजे दारफुर-कोर्दोफानकडून माणसं यायची. संध्याकाळी रस्त्याकडेला चहावाल्या बायका कोळशाची शेगडी मांडून बसायच्या, त्यातल्याही कितीतरी तिकडूनच उठून आलेल्या. आलं घातलेली कॉफी पीत बसलं की ही माणसं हळूहळू बोलायची. ऐकून ऐकून मी वाचायला लागलो.

आता 2003 घ्या. त्या वर्षी 25 एप्रिलला दारफुरच्या बंडखोरांनी अल-फाशेरच्या विमानतळावर धाड घातली. उभी विमानं-हेलिकॉप्टरं जाळली आणि हवाई दलाचा जनरल उचलून नेला. खार्तूमच्या, म्हणजे राजधानीतल्या सरकारच्या, पायाखालची वाळू सरकली. सैन्य होतं की. पण त्या सैन्यातले मोठे अधिकारी नाईलकाठचे आणि साधे शिपाई मोठ्या संख्येनं दारफुरचे नाहीतर नुबा डोंगरातले. त्यांना त्यांच्याच चुलत्या-मामांच्या गावांवर सोडायचं? शिवाय 1983 पासून दक्षिणेतलं युद्ध चालू होतं, फौज तिकडं गुंतलेली.

तेव्हा सरकारनं दारफुरातलं तयार भांडण उचललं. तिथं जमीन जमातीच्या हक्कानं चालायची. फुर, मसालीत या शेती करणाऱ्यांकडं जमीन आणि पाणी. उत्तरेकडच्या उंट पाळणाऱ्या अरब टोळ्यांपैकी कित्येकांना स्वतःची अशी जमीन नाही, ते ऋतूप्रमाणं वर-खाली फिरणार. पीक निघालं की त्यांची जनावरं शेतातून जायची, नुकसान झालं तर दोन्हीकडचे म्हातारे झाडाखाली बसून भरपाई ठरवायचे. 1984 च्या आसपासच्या दुष्काळानं हा सगळा व्यवहार मोडला. कुरणं गेली, शेतकऱ्यांनी काटेरी कुंपणं घातली, आणि शेजारच्या चाड-लिबिया भांडणामुळं बंदुका बाजारात आल्या. 2003 च्या आधीपासूनच तिथं माणसं मरत होती, गावं जळत होती.

सरकारनं मूसा हिलाल नावाच्या टोळीप्रमुखाला अटकेतून सोडवलं, दारफुरला पाठवलं, शस्त्रं दिली. जगानं त्या लोकांना जंजावीद म्हटलं. वरून अँटोनोव्ह विमानं बाँब टाकायची, मागून हे घोड्यांवर, उंटांवर, टोयोटा गाड्यांतून यायचे. पैसे मिळायचे, नाही असं नाही. पण खरी मजुरी म्हणजे परवानगी. गाव रिकामं करा; गुरं तुमची, विहीर तुमची, जमीन तुमची. यातलं काही सरकारी तिजोरीतून जात नव्हतं, म्हणून स्वस्त वाटलं. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं सुमारे 3 लाख माणसं गेली आणि 25 लाखांवर उठून छावण्यांत गेली.

ऊस पट्ट्यातल्या लोकांना एका ओळीत कळेल म्हणून सांगतो. कारखान्याचा करार मुकादमाशी असतो, कोयता धरणाऱ्याशी नसतो. कोयत्याला उचल मुकादमानं दिलेली असते, त्यामुळं तो ओळखतो मुकादमाला. मुकादम फिरला की टोळी फिरली, मग कारखान्यानं करार नाचवून काय उपयोग? खार्तूमनं सैनिक नेमलेच नव्हते, मुकादम नेमले होते.

आता "बंद का नाही केली". 30 जुलै 2004 ला सुरक्षा परिषदेनं 1556 क्रमांकाचा ठराव केला, जंजावीदना 30 दिवसांत निःशस्त्र करा म्हणून. सरकारनं काय केलं, तर त्याच माणसांना गणवेश चढवले. कुणी सीमारक्षक झाले, कुणी राखीव पोलीस. मूसा हिलालला 2008 मध्ये मंत्रालयात सल्लागार करून घेतलं. जमीन आणि गुरं तर आधीच वाटून झाली होती, ती परत कोण मागणार? मागायला गेलं की तीच बंदूक तुमच्याकडं वळणार.

हिलाल पुढं बिनसला. 2012 मध्ये उत्तर दारफुरच्या जबल आमिरला सोनं सापडलं आणि खाणींवर त्याचं बस्तान बसलं. त्याला धाकात ठेवायला सरकारनं त्याच्याच मोठ्या जमातीतल्या दुसऱ्या शाखेचा एक जुना उंटव्यापारी मोठा केला. मोहम्मद हमदान दगालो, म्हणजे हेमेदती. 2013 मध्ये त्याच्या माणसांची आरएसएफ बांधली, गुप्तचर खात्याच्या हाताखाली. 2017 मध्ये संसदेत कायदा करून तिला अधिकृत दल केलं, थेट राष्ट्राध्यक्षाच्या अखत्यारीत. त्याच वर्षी नोव्हेंबरात हेमेदतीच्या माणसांनी हिलालला धरून खार्तूमला आणलं. सोन्याची खाण आता हेमेदतीकडं. येमेनच्या युद्धात सौदी आणि अमिरातीच्या बाजूनं लढायला आरएसएफची पोरं गेली, तिकडूनही पैसा आला. उचल देणारा आता खार्तूममध्ये राहिलाच नव्हता.

आणि राष्ट्राध्यक्ष बशीरला आरएसएफ बंदही करायची नव्हती. तो स्वतः 1989 मध्ये सैन्याचं बंड करून आला होता, त्यामुळं सैन्याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती. सैन्यावर वचक म्हणून त्यानं आरएसएफला राजधानीच्या जवळ आणलं. 11 एप्रिल 2019 ला दोघांनी मिळून त्यालाच घरी बसवलं. त्यावर खूप हसू येतं, पण पुढच्या 3 जूनला खार्तूममध्ये धरणं धरून बसलेल्या पोरापोरींवर गोळ्या घातल्या, शंभरावर मेली, तेव्हा हसू राहत नाही.

दीडशहाणा

उधारी मान्य. पण एक सांगा, 2003 ला त्यांना कळलं नसेल का पुढे काय होणार? इतके मूर्ख होते?

कृष्णाकाठ

मूर्ख कसले, तरबेज होते. पहिल्यांदा थोडंच करत होते?

ऐंशीच्या दशकात दक्षिणेतल्या युद्धात हेच झालं होतं, फक्त उंटांऐवजी गाई पाळणारे बग्गारा होते. त्यांच्या घोडेस्वार टोळ्यांना मुराहलीन म्हणायचे. बाबानुसाहून दक्षिणेत वाऊला रेल्वे जायची. सैन्याची रसद घेऊन गाडी निघायची ती अगदी बैलगाडीच्या वेगानं, आणि दोन्ही बाजूंनी हे घोडेस्वार. वाटेतल्या डिंका जमातीच्या वस्त्या लुटायच्या, गुरं हाकायची, बायका-पोरं धरून न्यायची. मजुरी तीच. मार्च 1987 मध्ये अल-दाईन गावात जिवाच्या भीतीनं रेल्वेच्या डब्यांत बसलेल्या डिंका लोकांना डब्यांसकट जाळलं. हजारांवर मेले असं खार्तूम विद्यापीठाच्या दोन प्राध्यापकांनी त्याच वर्षी लिहून ठेवलं, नावानिशी. त्यातल्या एकाला पुढं तुरुंगात टाकलं. आणि लक्षात घ्या, तेव्हा निवडून आलेलं सरकार होतं, सादिक अल-महदींचं. बशीरनं सत्ता घेतल्यावर 1989 मध्ये या टोळ्यांना कायद्यानंच 'लोकसंरक्षण दल' करून टाकलं. म्हणजे आधी लूट आणि मागून कायदा, हा क्रम 2017 ला शोधलेला नव्हे.

लष्करशहा असो की लोकशाही, खार्तूमला लांबच्या मुलखाचं युद्ध स्वतःच्या पोरांच्या जिवावर करायचं नव्हतं. त्या मुलखातल्याच एकाला दुसऱ्याच्या अंगावर सोडायचं.

गोंडवन

मी भामरागडकडचा. इंद्रावती ओलांडली की आमच्या पलीकडे छत्तीसगडचा बिजापूर जिल्हा. 2005 च्या जूनमध्ये तिकडे सलवा जुडूम, म्हणजे नक्षलवाद्यांविरुद्धची सरकारी पाठिंब्याची मोहीम, सुरू झालं. गावंच्या गावं रस्त्याकडेच्या छावण्यांत आली, आमच्या नातेवाइकांपैकी एक घर जुडूममध्ये तर दुसरं जंगलात. विशेष पोलीस अधिकारी म्हणून पाचवी शिकलेल्या पोरांना बंदुका दिल्या, सुरुवातीला महिना 1500 रुपये मानधन. 5 जुलै 2011 ला सुप्रीम कोर्टानं हे घटनाबाह्य ठरवलं, शस्त्रं काढून घ्या म्हटलं. छत्तीसगडनं नवा कायदा करून त्याच पोरांना सहायक सशस्त्र दलात घेतलं. त्यामुळे काकांचं 'गणवेश चढवले' वाचून थांबलो.

तरी एक पटत नाही. तुमच्या सांगण्यात टोळीतली माणसं फक्त भाड्याची दिसतात. आमच्याकडे काही जण खरंच दादा लोकांना, म्हणजे नक्षलवाद्यांना, वैतागून जुडूममध्ये गेले होते. ज्याच्या भावाला नक्षलवाद्यांच्या जनअदालतीत मारलं त्याला कुणी 1500 रुपयांसाठी गेला म्हणणं बरोबर नाही. सिएरा लिओनमध्ये कामाजोर होते, शिकाऱ्यांच्या टोळ्या. बंडखोर आणि सैनिक दोघंही लुटायला लागले तेव्हा गावांनी स्वतःच उभ्या केल्या. प्रत्येक टोळी सरकारची पैदास नसते.

कृष्णाकाठ

गोंडवन, तुम्ही नदीकाठावर बसून पाहिलेलं आहे, मी चहाच्या टपरीवर ऐकलेलं. तुमचा मुद्दा घेतो. माणूस का जातो आणि त्याला कशासाठी वापरतात, या दोन गोष्टी वेगळ्या. मी दुसरीबद्दलच बोलत होतो. दारफुरच्या उंटवाल्याचं रडगाणंही खोटं नव्हतं, दुष्काळात त्याचीही जनावरं मेली होती.

कामाजोरचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं होतं तुम्ही. सरकारनं त्यांना नागरी संरक्षण दल म्हणून जवळ केलं, त्यांचा नेता हिंगा नॉर्मन उपसंरक्षणमंत्री झाला, आणि युद्ध संपल्यावर त्याच्यावरच युद्धगुन्ह्यांचा खटला उभा राहिला. निकालाआधी 2007 मध्ये कोठडीत असतानाच वारला. अजूनही तिथं कितीतरी लोक त्याला वाचवणारा मानतात. दोन्ही खरं असू शकतं.

सुदानातली तुमच्या मुद्द्याची जागा म्हणजे गेझिरा. निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या मधला पट्टा, 1925 ला सेन्नार धरण झाल्यापासून कापसाचा. सपाट काळी जमीन, पाट, चाऱ्या; आपल्या माणसाला परकं वाटतच नाही. डिसेंबर 2023 मध्ये आरएसएफ 'वाद मदनी' या शहरावर आली आणि सैन्य न लढता मागं गेलं. गावांत लूट सुरू झाली. धान्य, ट्रॅक्टर, सोलरचे पंप, सगळं. मग गावकऱ्यांनी हत्यारं घेतली, त्यांना कोण नावं ठेवणार? मी पण घेतलं असतं.

आता तिथं अबू आकला केकल हा माणूस बघा. गेझिरा-बुतानाकडचा, माजी सैनिकी अधिकारी, स्वतःची 'सुदान ढाल' नावाची फौज. 2023 मध्ये आरएसएफला मिळाला, मदनी पडल्यावर आरएसएफनं त्यालाच तिथला कारभारी केला. ऑक्टोबर 2024 मध्ये तो सैन्याच्या बाजूला आला, फौजेसकट. सैन्यानं माफी दिली. आरएसएफनं त्याचा राग पूर्व गेझिराच्या गावांवर काढला. एकट्या अल-सरीहा गावात शंभरावर माणसं मारली. जानेवारी 2025 मध्ये सैन्यानं मदनी परत घेतलं, तेव्हा केकलची माणसं पुढं होती. आणि त्यांनी काय केलं? कनाबीत घुसली.

कनाबी म्हणजे शेतमजुरांच्या वस्त्या. कापसाच्या कामाला दोन-तीन पिढ्यांमागं पश्चिमेकडून आलेल्या लोकांच्या झोपड्या. जमीन नावावर नाही, गावात मान नाही. आमच्याकडं तोडणीला येणारी माणसं अशाच वस्त्यांतली. हे काळे, पश्चिमेचे, म्हणजे आरएसएफचे खबरी, एवढ्यावर त्यांना मारलं. मजा म्हणजे त्यांच्यातल्या कित्येकांचे आजे-पणजे ज्या जमातींतले, त्याच जमातींना आरएसएफनं जून 2023 मध्ये पश्चिम दारफुरच्या अल-जिनेनात कापून काढलं होतं. म्हणजे एका बाजूनं मसालीत म्हणून मारायचं आणि दुसऱ्या बाजूनं आरएसएफवाले म्हणून. स्वसंरक्षणाची टोळी आणि सूड घेणारी टोळी यांच्यात मला दिसलेलं अंतर एवढंच, की पहिलीला लढायला समोर कुणीतरी हत्यारी असतो.

गावाचं रक्षण करणाऱ्यांनी केकलला बोलावलं नव्हतं हेही खरं. पण बंदूक, डिझेल आणि माफी त्याच्याच हातून यायला लागल्यावर गावातली पोरंही त्याचीच झाली.

शेवंता

काका, खूप उपयोगी. गोंडवन, तुमचेही आभार, जुडूमचं उदाहरण मी वर्गात घेणारच, मुलांना जवळचं वाटेल. आता मुलं हमखास विचारतील तो प्रश्न: मग या लोकांना सरळ सैन्यात सामावून घ्यायचं, हा उपाय का चालला नाही? पाठ्यपुस्तकात तोच दिलाय.

कृष्णाकाठ

मॅडम, आत्ताचं युद्ध पेटायला जवळचं कारण तोच उपाय झाला.

डिसेंबर 2022 मध्ये सैन्य, आरएसएफ आणि नागरी पक्षांचा एक करार झाला, सत्ता नागरिकांकडं द्यायची म्हणून. त्यात आरएसएफला सैन्यात विलीन करायचं होतं. सैन्य म्हणालं दोन वर्षांत, हेमेदती म्हणाला दहा. शिवाय तोवर त्याचे अधिकारी कुणाचं ऐकणार, सैन्यप्रमुख बुऱ्हानचं की नागरी राष्ट्रप्रमुखाचं, यावर अडलं. पाठ्यपुस्तकात विलीनीकरण म्हणजे शिपाई इकडून तिकडं नेणं. पण हेमेदतीच्या बाजूनं बघा. त्याच्याकडं खाणी, कंपन्या, परदेशातली खाती, भावाकडं उपप्रमुखपद. हे सगळं कुठल्या पगारश्रेणीत बसवणार? सैन्याचीही गत तीच, त्यांच्याही कंपन्या आहेत, कारखाने आहेत. दोन धंदे होते आणि दोघांकडं तोफा. 15 एप्रिल 2023 ला सकाळी खार्तूममध्ये सुरू झालं.

आणि सैन्य त्यातून काय शिकलं म्हणाल तर आज त्यांच्या बाजूनं कोण कोण लढतंय ते मोजा. केकलची ढाल, दारफुरच्या जुन्या बंडखोरांची संयुक्त फौज (हो, 2003 ला ज्यांच्याविरुद्ध जंजावीद काढली त्यांच्यातलेच), बशीरच्या काळातल्या धर्मवादी मंडळींची बरा इब्न मालिक ब्रिगेड, शिवाय गावोगावचे स्वयंसेवक. ऑगस्ट 2025 मध्ये बुऱ्हाननं हुकूम काढला की या सगळ्यांना सैन्याचा कायदा लागू. कागद निघाला.

न्यायाचं विचारतील पोरं, तर जंजावीदच्या अली कुशैबला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं ऑक्टोबर 2025 मध्ये दोषी ठरवलं आणि डिसेंबरात 20 वर्षांची शिक्षा दिली. गुन्हे 2003-04 चे. निकाल आला त्याच महिन्यात, 26 ऑक्टोबरला, दीड वर्षाच्या वेढ्यानंतर अल-फाशेर आरएसएफच्या हातात पडलं. म्हणजे जिथल्या विमानतळापासून मी सुरुवात केली तेच शहर.

दीडशहाणा

आरएसएफला आज पैसा कोण देतं?

कृष्णाकाठ

सोनं दुबईच्या बाजारात जातं, हे लपून नाही. सैन्याच्या ताब्यातलंही बरंचसं तिकडंच. शस्त्रं अमिराती पुरवतं असा आरोप संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी विश्वासार्ह म्हटलाय, अमिराती साफ नाकारते. सुदाननं 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात तिच्यावर वंशसंहाराला हातभार लावल्याचा दावा केला होता, 5 मे ला न्यायालयानं अधिकारक्षेत्र नाही म्हणून तो यादीतून काढला. खरं-खोटं तपासण्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही.

मॅडम, गुरुवारच्या तासाला नकाशा लागेल. माझ्याकडं सुदानच्या रेल्वेचा जुना नकाशा आहे, बाबानुसा-वाऊ फाटा त्यात नीट दिसतो. नातीला सांगून रविवारी स्कॅन करून टाकतो. अल-जिनेना आणि अल-फाशेर त्यावर नाहीत, तिथं रेल्वे गेलीच नव्हती. ती दोन पेनानं दाखवून देतो.